पाठमोरी बाटली

१

वही गेल्याचं मला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कळलं. हॉटेलच्या तळघरात माझी लाँड्री आहे. वरून फोन आला की तो बहुधा डागाबद्दलच असतो, म्हणून मी रिसीव्हर उचलला आणि समोरच्याला बोलू न देताच म्हटलं, "गार पाण्यात बुडवून ठेवा, येते."

"डाग नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "वही गेली. बारमध्ये या, आणि कोणाजवळ बोलू नका."

आमच्या बारमध्ये रमची तीन पेयं मिळतात, ती दुसरीकडे कुठेही मिळत नाहीत. ही फुशारकी आहे आणि मी ती खुशाल मारते, कारण त्या पेयांमागे माझं घर आहे. नदीपलीकडे रमचा कारखाना आहे. बासष्ट वर्षांपूर्वी तिथे चाळीस बायका बाटल्या धुवायच्या. गार पाणी, धुण्याचा सोडा आणि कडाक्याचा हिवाळा, त्यामुळे हातांना भेगा पडून बाटल्यांना रक्त लागायचं. त्यांनी गरम पाणी मागितलं, तर कारखान्यानं त्यांना फाटकाबाहेर काढलं. मग त्या अकरा दिवस आमच्या हॉटेलच्या मागच्या अंगणात बसल्या, कारण त्यांच्यातली एक माझी आजी होती आणि इथला बार माझे आजोबा सांभाळत होते. जिला घरून जे आणता आलं ते तिनं आणलं. ते रममध्ये घालून त्या गोदीवरच्या हमालांना गरम पेले विकायच्या, आणि त्यावर चाळीस घरांच्या चुली पेटल्या. बाराव्या दिवशी कारखान्यानं पाणी तापवायला बॉयलर बसवला.

त्या दिवसांची ही तीन पेयं. 'भोंगा' आल्याच्या ठसक्याचा, पहाटे पाचला झोप उडवणारा. 'पाठमोरी' त्या बाटलीवरून, जी आजोबांनी संपाच्या पहिल्या दिवशी लेबल भिंतीकडे करून ठेवली. रम आजही आम्ही त्याच कारखान्याची घेतो, जवळपास दुसरी मिळत नाही. पण तिचं तोंड बघत नाही. आणि तिसरं 'चाळीसजणी', ज्यासाठी लोक लांबून येतात. हे सगळं आजीनं एका वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही बारच्या काउंटरवर काचेच्या पेटीत असायची. माझा थोरला भाऊ, म्हणजे सगळ्यांचा दादा, तीस वर्षं इथला बारप्रमुख आहे. प्रत्येक पाहुण्याला पेला देताना तो म्हणतो, "हे माझ्या आजीनं शोधलं."

आणि आज दुपारी चार वाजता शहराच्या वारसा समितीची माणसं येणार होती. वही बघून खात्री पटली की दाराशी पितळी पाटी लागणार होती, आजीच्या नावची. वही नसेल तर सगळी ऐकीव गोष्ट. ऐकीव गोष्टीला कोणी पितळ लावत नाही.

बारमध्ये ताज्या रंगाचा वास होता. पेटी उघडी, रिकामी, पण फोडलेली नाही. पेटीची किल्ली मधल्या फळीमागे खिळ्याला असते, त्या पाठमोऱ्या बाटलीच्या आड. मी काउंटरमागे जाऊन पाहिलं. किल्ली खिळ्याला होती. बाटलीही भिंतीकडे तोंड करून जागच्या जागी होती, आणि एवढ्या गडबडीतही तिला बघून मला बरं वाटलं.

"किल्लीची जागा चौघांनाच माहीत आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "दादा, नवा बारटेंडर, तुम्ही आणि मी. माझी दुसरी किल्ली माझ्याच जुडग्यात असते. काल संध्याकाळी साडेसहाला रंगारी गेला, तेव्हा मी दार लावून घेतलं. वही तेव्हा पेटीत होती. आज नऊला मीच दार उघडलं."

बारच्या दाराची किल्ली रिसेप्शनच्या फळ्यावर लटकते आणि येणारा-जाणारा कोणीही ती उचलतो. त्यामुळे दार लावलं काय आणि न लावलं काय, सारखंच.

"तुम्ही डागावरून माणूस ओळखता," त्या म्हणाल्या. "हे शोधा. चारपर्यंत नाही सापडली, तर मला समितीला सांगावं लागेल की वही बारप्रमुखांच्या ताब्यातून गेली."

मी वळून पाहिलं. दारात दादा उभा होता. त्याचा चेहरा धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखा झाला होता. "रंग ओला आहे," तो म्हणाला आणि आत न येताच निघून गेला.

२

नवा बारटेंडर मोठ्या शहरातून आलेला. जॅकेट कडक, केस त्याहून कडक. रुजू होऊन त्याला तीन महिने झाले होते आणि दादाची बोलणी खाऊन खाऊन तो जरा वाळला होता. मी वही गेल्याचं सांगितलं, तर त्यानं खिशातून फोनच काढला.

"मावशी, मी कशाला चोरू? सगळी वही माझ्याकडे आहे. दादांच्या समोर फोटो काढलेत."

त्यानं दाखवलं. आजीचं टपोरं अक्षर, कडेला काकवीचे तपकिरी ठिपके. एकेक पान सरकवत गेला आणि एका ठिकाणी थांबला. "ही दोन पानं सोडून. 'चाळीसजणी'चं कृतीचं पान आहे ना, त्याच्या पुढची. काकवीनं एकमेकांना चिकटलेली आहेत. ओढली तर फाटतील, म्हणून दादांनी हात लावू दिला नाही."

"कृती तर पूर्ण आहे. मग त्या पानांत काय असेल?"

"कोणास ठाऊक. नऊ नंबरच्या खोलीतल्या प्राध्यापकांना विचारा, ते त्या पानांच्या मागे हात धुऊन लागलेत."

मी निघता निघता म्हटलं, "जरा एक थेंब रम दे. सकाळपासून घसा कोरडा पडलाय." त्यानं भुवया वर केल्या, पण पाठमोरी बाटली काढली, मला बोटभर ओतली, बाटली फडक्यानं पुसली आणि परत ठेवली. लेबल समोर. मग मी खाकरले.

"अरे देवा," तो म्हणाला आणि बाटली फिरवली. "रोज चुकतो, मावशी. बारटेंडरांच्या शाळेत आमच्या हातावर छडी मारून शिकवलंय, लेबल गिऱ्हाइकाकडे. हात ऐकतच नाही. दादा म्हणतात, तुझ्या हाताला वेगळा पगार द्यायला पाहिजे."

मी हसले. रम घेतली नाही, तो भाग वेगळा. पण दोन पानं डोक्यात घेऊन मी नऊ नंबरच्या खोलीकडे वळले आणि जिन्यातच मला प्राध्यापकांचा आवाज ऐकू आला. ते फोनवर कोणाला तरी सांगत होते, "चारनंतर काळजी नाही. एक तर माझं पुस्तक उभं राहील, नाहीतर त्या आजीबाईंची वही."

३

प्राध्यापक महिनाभर आमच्याकडे मुक्कामाला होते. कारखान्याच्या इतिहासावर त्यांचं पुस्तक चालू होतं. त्यांचं म्हणणं, ही पेयं कारखान्याच्या साहेबांच्या क्लबात जन्मली आणि नोकरांमार्फत आमच्या बारमध्ये आली. हे ऐकल्यापासून मी त्यांचे शर्ट इस्त्री करायची, पण कॉलर जरा जास्तच कडक ठेवायची.

"वही गेली?" ते खुर्चीतून उठलेच. त्यांना सर्दी होती, दर वाक्याला रुमाल. "बाई, मग माझं सगळंच गेलं. त्या चिकटलेल्या पानांत काय आहे, यावर माझा सगळा भरवसा होता."

"कोणाचं पुस्तक उभं राहणार, ते जिन्यात ऐकलं मी."

ते ओशाळले. "खरं सांगतो. आज समितीसमोर मी ती पानं वाफेवर सोडवणार होतो. मालकीणबाईंनी परवानगी दिली होती. त्यांनाही उत्सुकता होती, त्यांच्या सासऱ्यांच्या जुन्या मेनूकार्डावर ही पेयं सासऱ्यांनी शोधली असं छापलंय ना. पानांत क्लबाचा उल्लेख निघाला असता तर माझी जीत, नसता निघाला तर तुमच्या आजीची. पण वहीच नसेल तर मी हरलो की जिंकलो, हे मला कळणारच नाही. याच्यासारखी शिक्षा नाही."

"परवानगी कधी मिळाली?"

"सोमवारी. दादा तिथेच होते. मी त्यांच्याकडे पेटीची किल्ली तीनदा मागितली. तीनदा नाही म्हणाले. कुठे ठेवतात तेही सांगेनात."

सोमवारी. मी जिना उतरताना बोटं मोजत होते. मंगळवारी दादा लाँड्रीत आला होता, माझी वाफेची इस्त्री तासाभरासाठी घेऊन गेला होता. जॅकेटला हात फिरवायचाय म्हणाला. मी कामात होते, जा म्हटलं. पण त्याचं जॅकेट बुधवारी माझ्याकडेच आलं होतं, चुरगळलेलं, नेहमीसारखं. आमच्या बारच्या माणसांना इस्त्री कुठून धरायची हेही माहीत नाही.

मी स्वतःलाच रागावले. भाऊ आहे तो. आजीच्या शब्दाला जीव देणारा. त्याच्यावर संशय घ्यायचा तर आधी पुरावा हवा, आणि तो मिळू नये म्हणूनच मी रंगाऱ्याला गाठायला निघाले.

४

रंगारी मागच्या अंगणात ब्रश धूत होता. केसांत, कानात, मिशीत पांढरा रंग. त्याला विचारलं, काल वही पाहिलीस का.

"पाहिली ना ताई. पेटीवर कापड घातलं होतं मी, जाताना काढलं. वही आत होती. बाई स्वतः बघून गेल्या."

"बाटल्या कोणी लावल्या?"

"मीच. उतरवल्या मी, पुसल्या मी, लावल्या मी. बाईंनी बजावलं होतं, समिती येतेय, सगळी लेबलं समोर आली पाहिजेत. एकूण एक समोर लावली. बाई म्हणाल्या, छान दिसतंय."

"एकूण एक? मधल्या फळीवरचीसुद्धा?"

"ती कारखान्याची? तिचं लेबल तर सगळ्यांत देखणं, जहाज आहे त्याच्यावर. तीच मधोमध, तोंड समोर."

मी तडक मालकीणबाईंकडे गेले.

"हो," त्या सहज म्हणाल्या. "साडेसहाला ती बाटली समोर तोंड करून होती. माझ्या लक्षात आलं. म्हटलं, सकाळी दादा फिरवतील. का?"

"काही नाही," मी म्हटलं.

काही नाही कसलं. सगळं होतं. साडेसहाला बाटलीचं तोंड समोर होतं. सकाळी सव्वानऊला मी पाहिली तेव्हा भिंतीकडे. दादा दारातूनच परत गेला होता, नवा बारटेंडर माझ्यानंतर आत आला होता. म्हणजे बाटली फिरवली ती मधल्या वेळात, ज्यानं तिच्यामागची किल्ली काढली त्यानंच. मालकीणबाईंना ती किल्ली लागतच नाही, त्यांची त्यांच्याकडे आहे. प्राध्यापकांना जागा माहीत नव्हती. रंगाऱ्यानं तर स्वतःच तिचं तोंड समोर केलं होतं. नव्या पोराच्या हातानं ठेवली असती तर लेबल समोरच राहिलं असतं. छडी खाल्लेला हात तो. मी चोरली नव्हती, एवढं मला माहीत होतं.

चोर घाईत असतो. जिकडे बाटली तिकडे ठेवून पळतो. पण हा चोर चोरी करता करता थांबला होता, चुकीची ठेवलेली बाटली त्याला बघवली नव्हती, आणि त्यानं ती नीट केली होती. सकाळपासून ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि बरोबर होती, म्हणूनच मला दिसली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अशी बाटली नीट करणारा हात या सबंध गावात एकच आहे.

तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

५

दादा माझ्याच लाँड्रीत बसला होता, वाळलेल्या टॉवेलांच्या ढिगाशी. लहानपणी आईनं मारलं की तो असाच कपड्यांच्या ढिगाशी जाऊन बसायचा.

"बाटली तू फिरवलीस," मी म्हटलं.

तो खालमानेनं म्हणाला, "फिरवली का मी? मला आठवतसुद्धा नाही, धाकटे."

त्यानं जॅकेटच्या आतून वही काढली आणि माझ्यासमोर इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. दोन पानं सुटी झाली होती, कडा वाफेनं जरा फुगलेल्या. "मंगळवारी सोडवली. म्हटलं, परक्यांसमोर उघडण्याआधी आपण बघावं. काही वाईट नसेलच, आपलीच आजी. वाच."

मी वाचलं. आजीचंच टपोरं अक्षर.

*चाळीसजणी हे पेय माझं नाही. डावरीचं आहे. काकवी आधी तापवायची आणि रम मागून घालायची, हे तिला सुचलं. लवंग उंचेलीची. आलं किसायचं नाही, ठेचायचं, हे जुळ्यांच्या आईचं. संत्र्याची साल कोपऱ्यावरचीनं आणली, तिच्या घरात दुसरं काही नव्हतं. भोंगा हे बहिरीचं. तिला भोंगा ऐकू यायचा नाही, म्हणून तिनं नाव ठेवलं आणि आम्ही हसलो. कोणाचं काय ते खाली लिहिते.*

आणि खाली ओळीनं नावं. कारखान्यात बायकांना टोपणनावंच होती. प्रत्येकीपुढे तिनं काय आणलं, काय सांगितलं, कोणत्या दिवशी.

"तीस वर्षं," दादा म्हणाला. "तीस वर्षं रोज संध्याकाळी मी म्हणतोय, माझ्या आजीनं शोधलं. वहीच्या काचेवर बोट ठेवून म्हणतोय. आणि आत पानभर लिहिलंय, माझं नाही. चार वाजता तो सर्दीवाला हे मोठ्यानं वाचणार. साहेबांचा क्लब नाही निघाला, पण आपली आजीही नाही निघाली. मग मी कोण? मला वाटलं, पाटी नको लागू दे, पण आजी राहू दे."

मला त्याचा राग आला होता, तो कुठे गेला कळलं नाही. मी पान पुन्हा वाचलं. मग सावकाश बोलले, कारण मला स्वतःलाच ते बोलता बोलता कळत होतं.

"दादा, त्या चाळिसांत लिहिता कोणाला येत होतं?"

"एकट्या आजीला."

"मग तिला अडवणार कोण होतं? कागद तिचा, लेखणी तिची, नवरा बारवर. 'सगळं माझं' असं लिहिलं असतं तर आज कोणाला कळलं असतं? बाकीच्या कोणाला ते वाचताही आलं नसतं." मी त्या नावांवर बोट ठेवलं. "पेय काय, कोणालाही सुचतं. हातात लेखणी असताना दुसरीचं दुसरीला देणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. मला तर आजच कळलं आपण कोणाची नातवंडं आहोत ते. तू तिला लहान करायला निघाला होतास."

दादानं वही हळूच मिटली. मग उठला आणि म्हणाला, "जॅकेटला खरंच इस्त्री करून दे."

६

चार वाजता समितीची तीन माणसं आली. अध्यक्षीणबाई उंच स्टुलावर बसल्या. मालकीणबाई माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली, पण काय म्हणून हलवली ते मला त्यांना सांगता आलं नव्हतं.

दादा काउंटरमागे गेला आणि वही सगळ्यांसमोर ठेवली.

"ही काल संध्याकाळी सातला मीच काढून घेतली होती," तो म्हणाला. "चोरी म्हणायची असेल तर म्हणा. या दोन पानांची मला लाज वाटली. ती वाटायला नको होती, हे माझ्या धाकट्या बहिणीनं मला समजावलं. आता मीच वाचतो."

आणि त्यानं वाचलं. तीस वर्षं पाहुण्यांना गोष्ट सांगणारा आवाज तो, पण आज त्यात एकही सराईत जागा नव्हती. डावरी. उंचेली. जुळ्यांची आई. कोपऱ्यावरची. बहिरी. घाटावरची, तिनं दोन दिवस सरपण वाहिलं. मुकी, तिनं हमालांशी भाव केला, बोटांनी. एकेक नाव तो थांबून वाचत होता. मालकीणबाईंनी सासऱ्यांचं जुनं मेनूकार्ड सोबत आणलं होतं, ते त्यांनी हळूच मिटून पर्समध्ये टाकलं. नवा बारटेंडर फडकं हातात धरून नुसता उभा होता.

प्राध्यापक बोटांवर मोजत होते. संशोधकाची खोड. "एकोणचाळीस," ते म्हणाले. "एक कमी आहे. तुमच्या आजींचं नावच नाही यात." आणि मग त्यांनी रुमाल काढला, या वेळी सर्दीसाठी नाही. "मी हरलो, दादा. पण यांच्यापुढे हरायला माझी ना नाही."

अध्यक्षीणबाईंनी चष्मा पुसला. "मग पाटीवर काय लिहायचं? निर्माती म्हणून आजींचंच नाव मसुद्यात आहे."

"एकोणचाळीस नावं लिहा," दादा म्हणाला. "जशी वहीत आहेत तशी. आणि अगदी खाली, लहान अक्षरांत, 'लिहून ठेवणारी'."

पाटीचा आकार तिप्पट झाला, पितळ जास्त लागलं आणि समितीला आणखी दोन सभा घ्याव्या लागल्या. मालकीणबाईंनी दादाशी आठवडाभर बोलणं टाकलं, मग स्वतःच पाटीसाठी दाराशेजारची मोक्याची भिंत मोकळी करून दिली. पाटी लागली त्याला आता महिना झाला. माणसं दारातच थांबून वाचतात, त्यामुळे आत यायला वाट राहत नाही आणि दादा कुरकुर करत असतो, पण ती कुरकुर मी ओळखते. छाती दोन इंच फुगलेली असते त्याची.

गेल्या शनिवारी दुपारी एक म्हातारीशी बाई आली, काठी टेकत, बरोबर नात. पाटीवर बोट फिरवत फिरवत एका नावावर थांबली. मी तेव्हा नॅपकिनांचा गठ्ठा घेऊन दारातच होते.

"जुळ्यांची आई," ती नातीला म्हणाली. "त्यातली एक जुळी मी."

दादा कधी काउंटर सोडत नाही. बाहेर येऊन त्यानं तिला खिडकीपाशी खुर्ची दिली, मग आत जाऊन 'चाळीसजणी' केलं, माझ्या माहितीत इतकं जपून त्यानं कधी केलं नव्हतं, आणि स्वतः तिच्यापुढे नेऊन ठेवलं. हात मागे बांधून शाळेतल्यासारखा उभा राहिला. ती एक घोट प्यायली. दुसरा प्यायली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण आलं फार बारीक झालंय. आई दोनच ठोके द्यायची."

तीस वर्षांत दादाला त्याच्या बारमध्ये कोणी चूक दाखवलेली मी पाहिली नव्हती. त्यानं मान डोलावली, पेला उचलला आणि नवं आलं घ्यायला आत गेला. जाताना माझ्याजवळून गेला, तर त्याचे डोळे डबडबलेले होते आणि तो हसत होता.